सावडीने लिहिलेला प्रोग्राम

आमच्या प्रोग्राममध्ये एके काळी जव्हार-मोखाड्याची निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती. हसू नका. शाळेच्या दाखल्यावर मीही एक जूनचीच आहे, आणि तुमच्यातलेही बरेच जण असतील. मास्तरांना तारीख लागते, आईबापांना ती ठाऊक नसते, मग मास्तर शाळा उघडायच्या सुमाराची एक तारीख ठोकून देतात. शाळेत त्याने काही बिघडत नाही. आमच्याकडे बिघडत होतं, कारण आमचा प्रोग्राम पोरांचं वय आणि वजन ताडून बघायचा. मार्चमध्ये जन्मलेलं तान्हं पोर जूनचं झालं की कागदावर तीन महिन्यांनी लहान होतं, आणि त्याचं कमी पडलेलं वजनही मग चालून जातं.

वावरकडे कुपोषणाने पोरं दगावली त्या वाईट वर्षांनंतर आमच्या भागात गावोगाव वजनकाटे आले. पुढे दहाएक वर्षांनी कॉम्प्युटर आले. जव्हारला एस.टी. स्टँडजवळ कापडाच्या दुकानाच्या माडीवर एका संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथे आम्ही तिघं प्रोग्राम लिहायला लागलो. मी जव्हारची, मास्तरांची मुलगी, कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली आणि त्याचा बऱ्यापैकी माज असलेली. दुसरा मोखाड्याचा, आमच्याहून वयाने मोठा, आधी टायपिंग क्लास चालवायचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. आणि तिसरी ती. खोडाळ्याच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथली. आश्रमशाळेत शिकली, कॉलेजला जव्हारला आली आणि आमच्याबरोबर त्या माडीवर येऊन बसली. तिच्याबद्दल बोलायला गेले की अजून मी अर्ध्यावरच विषय बदलते. म्हणून हे बोलण्याऐवजी लिहिते आहे.

ती गरीब, शांत वगैरे मुळीच नव्हती. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघतील असं हसायची आणि त्याहून मोठ्याने भांडायची. ऑफिसात नीट शाळेतलं मराठी बोलायची, पण राग आला किंवा जीव लावून काही सांगायचं असलं की पाड्यावरची बोली बाहेर यायची. तिच्याशी वाद घालताना ती कुठल्या भाषेत आहे त्यावरून मी माघार घ्यायची की नाही ते ठरवायचे.

पहिल्या वर्षी जुलैमध्ये ती भाताच्या लावणीसाठी रजा टाकून घरी गेली. नेमकं तेव्हाच दादाने लिहिलेला भाग आणि मी लिहिलेला भाग एकमेकांशी बोलेनात. मी म्हणे त्याची चूक, तो म्हणे माझी. पाऊस धो धो, वीज दिवसातून अनेकदा जायची, इन्व्हर्टर कण्हत बसायचा आणि आम्ही दोघं पाठीला पाठ लावून तोंड फुगवून बसलेलो. ती परत आली, ओली छत्री कोपऱ्यात उभी केली आणि माझ्या खुर्चीत बसून माझा कोड वाचायला लागली.

"हे ए, बी, सी कोन?" तिने विचारलं.

"ए म्हणजे वय, बी म्हणजे वजन, सी म्हणजे..."

"मंग वय म्हनून लिवाया बोटं झिजतात का तुझी?"

दादा खो खो हसला. मग ती दादाच्या खुर्चीत गेली आणि त्याचं हसणं थांबलं. त्याने एक हिशोब तीन ठिकाणी लिहिला होता, एका ठिकाणी दुरुस्त केला होता आणि बाकीच्या दोन ठिकाणी विसरला होता. सगळा घोळ तिथेच होता.

त्या दिवशी तिने सावडीची गोष्ट काढली. त्यांच्या पाड्यावर लावणी कोणी एकटं करत नाही. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या शेतात. ज्याचं शेत त्याने जेवण द्यायचं. "एकट्यानं लावली तं अर्धी आवनं वाळून जातात," ती म्हणाली. आवनं म्हणजे लावणीची रोपं. "आपन पन तसाच करू. सोमवारी तुझा कोड सगळ्यांनी बसून वाचायचा, मंगळवारी याचा, बुधवारी माझा. ज्याचा कोड त्यानं भजी आनायची."

आणि वर एक नियम घातला, तो मात्र तिच्या डोक्यातला होता. वाचणारे वाचत असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. वाचणारा अडला तर त्याला समजावून सांगायचं नाही, कोड बदलायचा. मला हे अजिबात पटलं नव्हतं. माझा कोड दादाला कळत नसेल तर त्यात माझा काय दोष, असं मला वाटायचं. पहिल्या सोमवारी मी ओठ चावून बसले होते आणि दादा माझ्या एका ओळीवर अडून भजी खात होता. शेवटी मी ती ओळ मोडून तीन सोप्या ओळी लिहिल्या. त्याने वाचल्या, मान हलवली आणि पुढे गेला. मला तेव्हा जो राग आला होता तो आता आठवला की बरं वाटतं.

आणखी एक होतं. काही बदललं की ते का बदललं हे त्या ओळीच्या वर साध्या शब्दांत लिहिल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मशीनला देवनागरी जमत नव्हती, म्हणून आम्ही रोमन अक्षरांत आपलं मराठी लिहायचो. शहरातल्या कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं, पण आमचं काम त्यावर चालायचं.

एक जूनचा प्रश्न तिनेच सोडवला. तिचं म्हणणं साधं होतं. आईला तारीख ठाऊक नसते, पण पोर कधी झालं ते आई विसरते थोडीच? ती सांगते, लावणीत झाला. नागली कापताना झाली. होळीच्या आधी. बोहाड्यात. मग अंगणवाडीच्या बाईंनी तारीख न विचारता तेच विचारावं आणि आईचे शब्द जसेच्या तसे आमच्याकडे पाठवावेत. त्या शब्दांचा महिना करायचं काम प्रोग्रामचं. बाकीचं सोपं होतं, बोहाड्याने छळलं. मुखवटे घालून सोंगं नाचवायचा हा आमच्याकडचा उत्सव गावागावात वेगवेगळ्या वेळी होतो. एका गावचा होळीच्या आसपास, दुसऱ्याचा चैत्र सरताना, तिसऱ्याचा त्याच्याही पुढे. म्हणजे बोहाड्यात झालेली पोशेऱ्याची पोर आणि बोहाड्यात झालेली खोडाळ्याची पोर एका वयाची असेलच असं नाही. तेव्हा प्रोग्रामने आधी गाव बघायचं, मग शब्द. हा भाग आम्ही तिघांनी मिळून किती वेळा मोडला आणि उभा केला! कुठल्या गावचा बोहाडा कधी, यावर दादा आणि ती हातघाईवर यायचे, आणि मी जव्हारची शहाणी त्यांची भजी संपवायचे.

ती आमची चांगली वर्षं. प्रोग्राम मोठा होत गेला, तरी त्याच्या कुठल्याही कोपऱ्यात आमच्यातलं कुणीही डोळे मिटून जाऊ शकत होतं. लावणीला ती बिनधास्त घरी जायची. दादाच्या बायकोचं बाळंतपण झालं तेव्हा तो महिनाभर आला नाही आणि त्याच्या भागात आलेली अडचण आम्ही दोघींनी हसत खेळत काढली. हे काही विशेष आहे असं तेव्हा वाटायचं नाही. सगळीकडे असंच असेल असं वाटायचं.

मग संस्थेने मुंबईहून नवे सर पाठवले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, आमच्याबरोबर चटईवर बसून डबा खायचे, आवाज चढवायचे नाहीत. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तीन माणसं एका स्क्रीनसमोर बसून भजी खाताना पाहिली, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. तिघांनी एकेकटं काम केलं तर तिप्पट होईल, हा त्यांचा हिशोब. वर पैसे देणाऱ्यांना नवे रिपोर्ट हवे होते, नवी गावं जोडायची होती. त्यांनी प्रोग्रामच्या वाटण्या केल्या. नोंदणी दादाकडे, रिपोर्ट माझ्याकडे, वयाचा भाग तिच्याकडे. आपापला भाग आपण बघायचा, दुसऱ्याच्यात हात घालायचा नाही, चुकलं तर कुणाचं चुकलं ते कळलं पाहिजे.

ती भांडली. शाळेतल्या मराठीत सुरू झाली आणि पाड्यावरच्या बोलीत शिरली. "सर, एकट्याचा शेत म्हंजे एकट्याचा घोर. मी आजारी पडले तं कोन बघंल?"

सर म्हणाले, "आजारी पडू नका." गमतीत म्हणाले होते. आम्ही हसलो पण. सरांचं बोलणं गमतीवर नेऊन संपवायची आपल्याला सवयच असते.

खरं सांगायचं तर सुरुवातीला काम भराभर झालं. सर खूश होते. मी लिहिलेलं कुणी वाचायला येणार नाही म्हटल्यावर माझे ए, बी, सी हळूच परत आले. दादाही तीन-तीन ठिकाणी लिहायला लागला. तिच्या भागात तर नवी नवी गावं येत होती, नवे शब्द येत होते, आणि हे सगळं पूर्वी तिघांच्या डोक्यात असायचं ते आता एकटीच्या डोक्यात साठत होतं. ती ओळीवर ओळ लिहून ठेवायची, पण वाचणारं कुणी नसलं की लिहिणाऱ्यालाही आपलं लिहिलेलं समजण्यासारखं आहे का ते कळत नाही. बुधवारी ती कधी कधी सवयीने भजी आणायची. आम्ही आपापल्या टेबलावर बसून खायचो.

त्या वर्षीच्या लावणीला तिला रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी तिने मागितलीच नाही.

तिची आई आजारी पडली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. पोटात काहीतरी होतं. नाशिकला नेऊन आणलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. असं सांगितलं की काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. ती रजा घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "आईस म्हनते, जवळ बस. एवढी वर्सं कदी म्हनली नाय." मी तिला म्हटलं, तू जा, इथली काळजी करू नकोस. हे म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी प्रोग्राम बंद पडला. महिनाअखेरचा रिपोर्ट काढायला घेतला की वयाच्या भागात जाऊन अडकायचा आणि तिथेच थांबायचा. पैसे देणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. मी तिचा कोड उघडला. ज्या भागात मी डोळे मिटून फिरायचे तो मला ओळखू येईना. दीड-दोन वर्षांत त्याला एवढ्या खोल्या निघाल्या होत्या की कुठल्या दारातून कुठे जायचं ते समजेना. तिच्या ओळी होत्या, कारणं होती, पण त्या कारणांच्या आधीची कारणं मी वाचलेली नव्हती. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. आम्ही दोघं म्हणालो, सर, आम्हाला दिवसभर द्या, आम्ही शोधतो.

सर म्हणाले, "नको, हात लावू नका. आणखी काही मोडलं तर उद्या काय दाखवू? तिलाच बोलवा."

मी भांडले. तिची आई कशी आहे ते सांगितलं. सर खिडकीशी गेले, परत आले आणि म्हणाले, "निदान फोनवर विचारा." म्हणून खोडाळ्याच्या बाजारातल्या दुकानात फोन लावला. तिच्या पाड्याला जवळचा फोन तोच. दुकानदाराने निरोप धाडला, ती डोंगर उतरून आली, मी पुन्हा फोन केला. लाइनवर खरखर इतकी की माझं अर्धंच तिला कळत होतं. मी ओरडून सांगत होते, येऊ नकोस, फक्त कुठे बघायचं ते सांग. तिने दोनदा सांगायचा प्रयत्न केला. मला ऐकू आलं नाही.

मग खरखर जरा कमी झाली आणि तिचा आवाज स्वच्छ आला. "जाऊ दे. मी येते. तासाभराचं काम आहे. आई झोपलीय, बाबा आहेत जवळ. सांजच्याला परत जाईन."

जीप पकडून ती दुपारी जव्हारला आली. केस नीट विंचरलेले नव्हते. चहा घेतला नाही, खुर्चीत बसली आणि थोड्याच वेळात म्हणाली, "हात्तेच्या." नव्याने जोडलेल्या एका गावाचा बोहाडा कधी असतो तेच कुणी प्रोग्रामला सांगितलेलं नव्हतं. त्या गावच्या कुठल्याशा आईने पोर बोहाड्यात झाली म्हणून सांगितलं होतं, आणि प्रोग्राम विचारत बसला होता, कुठल्या? एवढंच. एक ओळ घालायची होती. सावड चालू असती तर दादाने ती भजी खाता खाता घातली असती. मोखाड्याकडच्या गावांचे बोहाडे त्याला तोंडपाठ होते.

तिने ओळ घातली. रिपोर्ट सुरू झाला, डॉट मॅट्रिक्सचा प्रिंटर कर्र कर्र करायला लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला आणि तो मी घेतला. खोडाळ्याचा दुकानदार होता. या वेळी खरखर अजिबात नव्हती. मी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर आले. तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही सांगावं लागलं नाही.

ती रडली नाही, उठलीही नाही. स्क्रीनकडे वळली आणि टाइप करायला लागली. मला वाटलं तिला समजलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो हळूच बाजूला केला. ती कारण लिहीत होती. ओळीच्या वर, नियमाप्रमाणे. ते मी नंतर वाचलं. "गाव नवीन असेल तर बोहाडा कधी ते आधी विचारून घ्या. अंदाज करू नका." ते लिहून झाल्यावर तिने सेव्ह केलं, खुर्ची मागे सरकवली, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या दुकानातले लोक जिना चढून वर आले.

दादाने तिला मोटरसायकलवर घरी नेलं. सर त्या दिवशी टेबलावर डोकं टेकून बसले होते. मला त्यांची कीव आली नाही. आता येते, पण थोडीच.

दिवसकार्य उरकून ती कामावर परत आली तेव्हा सर तिच्याशी काही बोलायला उठले. तिने त्यांना बोलू दिलं नाही. "सर, उद्यापासून सावड," एवढंच म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. सरांनी मान हलवली. तिच्या त्या आवाजापुढे दुसरं काही करताही आलं नसतं.

मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, जुने दिवस आले. आठवडेच्या आठवडे आम्ही फक्त तिचा भाग वाचला. ती पूर्वीसारखीच तोंड मिटून बसायची. आम्ही अडलो की कोड बदलायची, तुकडे करायची, नावं बदलायची, सोपं करायची. फक्त भांडायची नाही. मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून बघितलं, ती बोलीत शिरते का म्हणून. ती शाळेतल्या मराठीतच म्हणाली, "ती ओळ पुन्हा वाच." भजी रोज तीच आणायची. ज्याचं शेत त्याचं जेवण, आणि शेत रोज तिचंच होतं.

एके दिवशी तिने आम्हाला एक नवीन गाव जोडायला सांगितलं आणि स्वतः बाहेर सज्जात जाऊन उभी राहिली. आम्ही दोघांनी ते जोडलं. चालवून बघितलं. कुठे अडलं नाही. दादाने आतून आरोळी ठोकली, "झालं गं!" ती आत आली, स्क्रीनवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं झालं." दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

मी तिच्यामागे एस.टी. स्टँडपर्यंत गेले. खूप काही बोलले. तू वेडी आहेस, तुझ्याएवढं हे काम कुणाला येतं, पगार सोडून डोंगरात काय करणार, मी एकटी काय करू. हे शेवटचंच खरं होतं आणि ते मी सगळ्यात शेवटी बोलले. तिने माझा हात हातात घेतला.

"इथं आता माझ्यावाचून कायच अडत नाय," ती म्हणाली. "तेवढं करून जायचं होतं. नायतं परत कदी फोन आला असता, मंग मी परत आले असते. मला माझा सभाव ठावा आहे."

"पण राग कुणावर काढतेस? माझ्यावर?"

"राग नाय गं. ती खुर्ची दिसली का मला आईसच दिसते." मग मोखाड्याची गाडी लागली आणि ती चढली.

तिच्यानंतर तो प्रोग्राम आणखी कितीतरी वर्षं चालला. मशीनं बदलली, सर बदलले, संस्थेने ठाण्याहून एक इंजिनियर बोलावला, सगळं नव्याने लिहायला. त्याने तिचा भाग दोन दिवस वाचला आणि म्हणाला, हा राहू दे, हा मला मीच लिहिल्यासारखा वाटतो. कामात याहून मोठं कौतुक नसतं. मी ते ऐकलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कारण खरं तर मी वाट बघत होते. तिच्या भागात काहीतरी अडावं, आम्हा दोघांनाही उमगू नये, तिलाच विचारावं लागावं. नवीन गाव जोडलं की मी मनात म्हणायचे, आता अडेल. आम्ही बोहाडा विचारून घ्यायचो, लिहायचो, आणि चालायचं. ती स्वतःला त्या प्रोग्राममधून इतकी सफाईने बाहेर काढून गेली होती की तिला हाक मारायला निमित्तच उरलं नव्हतं.

मग एका दुपारी मी ठरवलं, निमित्त कशाला हवं? मैत्रीण आहे. खोडाळ्याच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने ओळखलं, निरोप धाडतो म्हणाला, बऱ्याच वेळाने पुन्हा करायला सांगितलं. तो सगळा वेळ मी काय काय सांगायचं ते जुळवत बसले होते. ठाण्याचा इंजिनियर काय म्हणाला ते, दादाच्या मुलीला शाळेत घातलं ते, माझं लग्न ठरत होतं ते. पुन्हा फोन केला तेव्हा पहिल्याच घंटेला उचलला गेला. तिला धाप लागली होती. डोंगर पळत उतरली होती.

"कोन गेला?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं. मी बोलते."

"मंग काय बंद पडला?"

"काही बंद पडलं नाही. सगळं चालू आहे. मी आपला सहज केला."

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तो खाली बसायला बराच वेळ लागला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सहज नको करू, बाई. फोन आला म्हनून सांगाया कोनी आला का हातातला टाकून पळत सुटते मी. पाड्याची पोरं मागं पळत आली माझ्या, काय झालं म्हनून."

मी म्हटलं, बरं. तिने मी बरी आहे का विचारलं, मी हो म्हटलं. ती बरी आहे का मी विचारलं, ती हो म्हणाली. लग्नाचं सांगायचं राहून गेलं. रिसीव्हर ठेवून बाहेर आले तेव्हा दादा खुर्ची वळवून माझीच वाट बघत होता. "काय म्हणाली आपली बाई?" त्याने विचारलं. "मजेत आहे," मी सांगितलं, आणि जाऊन कामाला बसले. पुन्हा कधी मी तिला फोन केला नाही. तिच्यावर माझी माया होती आणि तिच्यासाठी करता येण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं.